खो-खोची टाच, कबड्डीचा गुडघा आणि घाटातली धाव

पत्र : आम्ही सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. माझा १७ वर्षांचा मुलगा कबड्डीत उजव्या कोपऱ्यावर खेळतो. दीड महिन्यापूर्वी पकड करताना त्याचा डावा गुडघा पिरगळला, आतून ‘कट’ असा आवाज आला आणि तासाभरात गुडघा सुजला. गावातील एका जाणत्या माणसाकडून तो चोळून, बांधून घेतला. आता सूज उतरली आहे आणि तो नीट चालतो. पण वळताना गुडघा निसटल्यासारखा वाटतो, असे म्हणतो. पुढच्या महिन्यात त्याची निवड चाचणी आहे. मुलगी १२ वर्षांची असून खो-खो खेळते. उन्हाळी शिबिरापासून तिच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सराव संपल्यावर ती चवड्यांवर चालते. ‘वाढीचे दुखणे आहे, आपोआप जाईल,’ असे माझ्या आईचे मत आहे. मी स्वतः ४७ वर्षांचा असून सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वरच्या घाटात धावू लागलो आहे. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली चार पावले टाकवत नाहीत. एक्स-रे काढला, तेव्हा टाचेचे हाड वाढल्याचे सांगण्यात आले. पायांना सर्वांत कमी त्रास देणारा खेळ कोणता? मुलीचा खो-खो बंद करून तिला पोहायला घालावे का? आणि तिघांना एकाच प्रकारचे धावण्याचे बूट चालतील का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण तिघांची दुखणी तपशिलाने लिहिलीत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. या तिन्हींमध्ये मुलाचा गुडघा सर्वांत निकडीचा आहे, म्हणून आपल्या प्रश्नांचा क्रम सोडून मी आधी त्याविषयी लिहितो.

गुडघा पिरगळताना आतून आवाज येणे, एक-दोन तासांच्या आत भरपूर सूज येणे आणि सूज उतरल्यानंतरही वळताना गुडघ्याने दगा देणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर गुडघ्याच्या आतील पुढचे क्रूशिएट लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा चिवट पट्टा), म्हणजे खेळाडू ज्याला ‘एसीएल’ म्हणतात ते, तुटले असण्याची दाट शक्यता धरावी लागते. इतक्या लवकर येणारी सूज बहुतेक वेळा सांध्यात झालेल्या रक्तस्रावाची असते. ती ओसरली म्हणजे आतील इजा भरून आली असे होत नाही. सरळ चालताना या लिगामेंटवर फारसा ताण येत नाही, म्हणून आपला मुलगा व्यवस्थित चालतो. त्याचे खरे काम पाय जमिनीवर रोवून अंग वळवताना सुरू होते आणि कोपरारक्षकाचा सगळा खेळच तेवढ्यावर उभा असतो. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो, त्या क्षणी कोपऱ्यावरचा खेळाडू एका पायावर भार घेऊन खाली झेपावतो, घोटा धरतो, आणि पुढच्याच क्षणी समोरच्याच्या झटक्याने त्याचे धड एका बाजूला आणि मॅटला चिकटलेला बूट दुसऱ्या बाजूला जातो. तांबड्या मातीत असा पाय थोडा घसरतो आणि पिळाचा काही भाग मातीत जिरतो. मॅटवर रबरी तळव्याचा बूट जागचा हलत नाही, त्यामुळे सगळा पीळ घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. मॅटमुळे अंग खरचटणे कमी झाले, हा तिचा मोठा फायदा आहे. परंतु गुडघ्याच्या दृष्टीने मॅट निर्धोक नाही, हे प्रत्येक प्रशिक्षकाने लक्षात ठेवले पाहिजे.

तेव्हा त्याला या आठवड्यातच अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे, शक्य असल्यास खेळाडूंच्या दुखापतींचा अनुभव असलेल्यांकडे. ते हाताने गुडघ्याची तपासणी करतील आणि बहुधा एमआरआय सांगतील. साध्या एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावर समाधान मानून परत येऊ नये. तपासणी होईपर्यंत त्याने कबड्डी खेळू नये, आणि निवड चाचणीला तर मुळीच उतरू नये. हे वाचून त्याला किती वाईट वाटेल याची मला पूर्ण कल्पना आहे. परंतु दगा देणारा गुडघा प्रत्येक वेळी निसटताना आतील गादीला, म्हणजे मेनिस्कसला, आणि हाडांवरील कूर्चेला घासून जातो, आणि कूर्चा झिजली की ती पुन्हा पूर्ववत येत नाही. एक चाचणी पुढच्या वर्षीही देता येते. लिगामेंट तुटले असेल, तर प्रत्येकालाच शस्त्रक्रिया लागते असे नाही, मात्र कबड्डीसारख्या सतत वळण्याच्या खेळाकडे परतायचे असल्यास ती बहुतेकदा सुचवली जाते. शस्त्रक्रिया झाल्यास किमान नऊ महिने मैदानावर परतण्याची घाई करू नये, कारण त्याआधी परतणाऱ्यांमध्ये गुडघा पुन्हा जायबंदी होण्याचे प्रमाण बरेच जास्त आढळते. आणि नऊ महिने झाले एवढेही पुरेसे नाही. दोन्ही मांड्यांची ताकद जवळपास सारखी झाली आहे, हे फिजिओथेरपिस्टने मोजून पाहिलेले असावे.

चोळून घेण्याविषयीही स्पष्ट लिहितो, कारण आपल्याकडे पाय मुरगळला की तेल लावून जोरात चोळणे हा पहिला उपाय असतो. नव्या दुखापतीत पहिले दोन-तीन दिवस जोराने चोळल्यास आतील रक्तस्राव आणि सूज वाढू शकते. इलॅस्टिकचा पट्टा बांधावा, पाय उंचावर ठेवावा, दुखणे कमी करण्यासाठी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा. कबड्डीत घोटे तर वारंवार मुरगळतात, म्हणून एक साधी कसोटी घरातील सर्वांनी माहीत करून घ्यावी: दुखापतीनंतर लगेच आणि दवाखान्यात पोहोचल्यावरही चार पावले टाकता येत नसतील, अथवा घोट्याच्या आतल्या वा बाहेरच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर बोटाने दाबल्यावर हाड दुखत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. कॅनडातील ओटावा येथे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झालेले हे नियम आज जगभरातील आपत्कालीन विभागांत वापरले जातात.

आता मुलीविषयी. आपल्या आईंचे निदान बरेच बरोबर आहे, फक्त ‘आपोआप जाईल’ म्हणून ते अंगावर काढू नये. साधारण आठ ते चौदा या वयात टाचेच्या हाडाच्या मागच्या बाजूला वाढीची एक कूर्चा असते आणि पोटरीचे स्नायू अकिलीस टेंडनच्या, म्हणजे टाचेमागच्या जाड शिरेच्या, द्वारे नेमके तिथेच ओढ घेतात. या वयात हाडे भराभर लांब होतात आणि पोटरी तुलनेने आखडलेली राहते. त्यातच धावणे एकदम वाढले की ती कूर्चा दुखावते. वैद्यकात याला ‘सेव्हर’चे दुखणे म्हणतात. टाच दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटांमध्ये धरून दाबली आणि मुलगी कळवळली, तर बहुधा तेच आहे. सराव संपल्यावर चवड्यांवर चालणे हे याचेच ठळक लक्षण आहे.

खो-खोत हे दुखणे का उद्भवते, ते बसलेल्या खेळाडूकडे नीट पाहिल्यावर कळते. आक्रमण करणाऱ्या संघातील आठ खेळाडू मधल्या पट्ट्यातील चौकोनांत एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून उकिडवे बसलेले असतात. घोटे पूर्ण दुमडलेले, पोटऱ्या ताणलेल्या, सगळा भार चवड्यांवर. पाठीवर ‘खो’ पडला की त्याच ताणलेल्या पोटरीने टाच उचलून पहिल्याच पावलाला पूर्ण वेग द्यायचा असतो, आणि सरावाच्या एका डावात असे कितीतरी वेळा घडते. पुढे खांबाजवळ एकदम थांबणे, वळणे, सूर मारणे आहेच. संरक्षण करताना हुलकावण्या देत नागमोडी पळताना भार सतत एका पायाच्या बाहेरच्या कडेवरून दुसऱ्या पायावर जातो. हे सगळे शरीराला झेपते, पण ते हळूहळू वाढवले तर. एरवी आठवड्यातून तीन संध्याकाळी खेळणारी मुलगी शिबिरात सकाळ-संध्याकाळ, तेही उन्हाने टणक झालेल्या मैदानावर अनवाणी पळू लागली, तर पंधरा दिवसांत टाचा बोलू लागणारच. दोष खेळाचा नसून एकाएकी दुप्पट-तिप्पट झालेल्या सरावाचा आहे.

म्हणून खो-खो बंद करू नका. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. या खेळात मन लागलेल्या मुलीला टाचेच्या तात्पुरत्या दुखण्यासाठी घरी बसवणे मला योग्य वाटत नाही. तीन-चार आठवडे सराव निम्म्यावर आणावा, उकिडवे बसून उठण्याचे आणि उड्यांचे प्रकार त्यातून वगळावेत, कठीण जमिनीवर अनवाणी पळणे थांबवावे आणि दोन्ही बुटांत टाचेखाली मऊ, किंचित उंच गादी घालावी, म्हणजे पोटरीची ओढ कमी होते. खेळताना किंचित दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्ण थांबले, तर तेवढा सराव तिला मानवतो असे समजावे. ती लंगडत असेल, तर त्या दिवशी खेळ थांबवावा. वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षापर्यंत ती कूर्चा हाडाशी एकजीव होते आणि हे दुखणे कायमचे संपते. मात्र एकाच टाचेला सूज किंवा लाली असणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना असणे, ताप येणे, यांपैकी काही आढळल्यास हे दुखणे वेगळे आहे असे मानून तिला डॉक्टरांना दाखवावे.

तिच्या पुढच्या दोन-तीन वर्षांसाठी आणखी एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. वयात आल्यानंतर वळण्या-उडीच्या खेळांत मुलींमध्ये एसीएल तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. गुडघा आत न झुकवता उडी झेलणे, एका पायावर तोल सांभाळणे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद वाढवणे यांनी तो धोका निश्चित कमी होतो. फुटबॉलसाठी ‘फिफा ११+’ नावाचा वीस मिनिटांचा पूर्वव्यायाम तयार करण्यात आला आहे. तो नियमित करणाऱ्या संघांत दुखापती लक्षणीय घटल्याचे दिसले असून खो-खो आणि कबड्डीच्या प्रशिक्षकांनी तो बेलाशक उचलावा. पुढे तिची पाळी सुरू झाल्यानंतर ती सलग तीन महिने आली नाही, तर ‘खेळामुळे असे होते’ म्हणून सोडून देऊ नये. खेळाच्या मानाने आहार कमी पडत असल्याचे ते लक्षण असू शकते आणि त्यात हाडे कमकुवत होतात.

पोहण्याविषयी विचारलेत. पोहताना पायांवर आघात जवळजवळ नसतो, त्यामुळे दुखापतीच्या काळात दम टिकवण्यासाठी ते उत्तम आहे. परंतु वाढीच्या वयात हाडांना मजबुती येते ती उड्या आणि धावण्याच्या आघातांनीच, आणि ते काम पाण्यात होत नाही. शिवाय ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय बाहेर फेकून जोडताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला ताण येतो आणि तो प्रकार सतत पोहणाऱ्यांचे गुडघे त्यामुळेच दुखतात. सायकलीवर आघात नसला, तरी बैठक चुकीच्या उंचीवर असेल तर गुडघा दुखतो आणि बूट घट्ट असतील तर चवडा बधिर होतो. तेव्हा सर्वांत कमी त्रासाचा खेळ शोधण्यापेक्षा आपला खेळ पायाच्या कोणत्या भागाला राबवतो, हे ओळखणे अधिक उपयोगाचे आहे. एका पावलात २६ हाडे असतात आणि प्रत्येक खेळ त्यांतील वेगवेगळ्या हाडांवर भार टाकतो. व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉलमध्ये उडीनंतर दुसऱ्याच्या पायावर पाय पडून घोटा बाहेरच्या बाजूने मुरगळतो. बॅडमिंटनमध्ये जाळ्याजवळ लांब पाऊल टाकताना पुढची टाच जोरात आपटते, तर मागे वळून झेपावताना अकिलीस टेंडनला झटका बसतो. चाळिशीतले, फक्त रविवारी खेळणारे पुरुष याच झटक्याने टेंडन तोडून घेतात आणि मागून कोणीतरी लाथ मारली असे वाटून वळून पाहतात. वेगवान गोलंदाजाच्या पुढच्या पायावर चेंडू सोडताना शरीराच्या वजनाच्या पाचपट आणि त्याहूनही अधिक भार येतो. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूला सेसमॉइड नावाची दोन छोटी हाडे असतात, ज्यांच्याकडे एरवी कोणाचे लक्षही जात नाही. २००१ साली सचिन तेंडुलकर यांचे असेच एक हाड मोडले आणि त्यांना श्रीलंका दौऱ्याला मुकावे लागले.

आता आपली टाच. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट धक्का परत येतो, आणि दहा किलोमीटरच्या धावेत प्रत्येक पाय पाच-सहा हजार वेळा तो झेलतो. कबड्डीत एखाद्या क्षणाचा पीळ घात करतो, तर धावण्यात तोच तो भार पुन्हा पुन्हा पडून दुखणे साचत जाते. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, प्लांटर फॅशिया, जो धनुष्याच्या दोरीप्रमाणे पावलाची कमान ताणून धरतो. घाट चढताना घोटा अधिक दुमडतो, पोटरी आणि हा पट्टा दोन्ही ताणले जातात. उतरताना मांड्या आणि गुडघे राबतात आणि बोटे बुटाच्या टोकावर आपटून नखे काळी पडतात. सपाटीवर पुरेसे महिने न धावता थेट यवतेश्वरच्या चढाला भिडणाऱ्यांची टाच हमखास धरते. सकाळच्या पहिल्या पावलांना कळ येणे आणि थोडे चालल्यावर ती ओसरणे ही या पट्ट्याच्या दुखण्याची खूण आहे.

एक्स-रेमध्ये दिसलेल्या ‘वाढलेल्या हाडा’ची काळजी करू नका. टाच कधीही न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेमध्ये ते दिसते. दुखते ते बहुधा हाड नव्हे, पट्टा, आणि हाड घासून काढण्याची शस्त्रक्रिया क्वचितच लागते. घाट सहा-आठ आठवडे सोडून द्यावा, सपाट रस्त्यावर अंतर निम्मे करावे. घरात फरशीवर, विशेषतः शहाबादी फरशीवर, अनवाणी चालू नये; घरात वापरण्यासाठी मऊ चप्पल वेगळी ठेवावी, आणि देवघरापुरती ती काढली तरी चालेल. दिवसाआड पुढील व्यायाम करावा: पायरीच्या कडेवर चवडे ठेवून बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घ्यावी, म्हणजे बोटे वर वळतात, मग तीन सेकंदांत टाचा उचलाव्यात, दोन सेकंद थांबावे आणि तीन सेकंदांत पायरीच्या पातळीखाली न्याव्यात. सुरुवातीला दोन्ही पायांवर बारा वेळा, तीन फेऱ्या. पुढे एका पायावर, आणि नंतर पाठीवर पुस्तकांची पिशवी घेऊन. आराम पडायला दोन-तीन महिने लागतात, कधी अधिकही, म्हणून पंधरा दिवसांनी कंटाळून सोडू नये. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरे वाटते, पण पट्टा कमजोर होऊन फाटण्याचा धोका राहतो, त्यामुळे तो पहिला उपाय असू नये. आणखी एक सावधगिरी: सिप्रोफ्लॉक्सासिन गटातील प्रतिजैविकांमुळे टेंडन दुखावण्याचा आणि तुटण्याचा धोका वाढतो, तेव्हा कोणत्याही कारणाने ते लिहून दिले गेल्यास आपण धावता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आपले वय पाहता रक्तातील साखर एकदा तपासून घ्यावी. तळव्यांना रात्री जळजळ होणे किंवा मुंग्या येणे हे पट्ट्याचे दुखणे नसून मज्जातंतूंचे असू शकते, आणि बधिर झालेल्या तळव्यावर धावताना झालेली जखम कळतही नाही. त्याचप्रमाणे नडगीवर किंवा पावलाच्या वरच्या बाजूला बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखू लागले, एका पायावर उडी मारताच कळ आली, तर ती हाडाची बारीक चीर समजून धावणे त्या दिवसापासून बंद करावे. अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा दिसतच नाही, त्यामुळे दुखणे कायम असेल तर पुन्हा तपासणी मागावी.

राहिला बुटांचा प्रश्न. तिघांना एकच बूट चालणार नाहीत. धावण्याच्या बुटाची टाच जाड आणि मऊ असते, कारण तो सरळ रेषेत पुढे जाण्यासाठी घडवलेला असतो. त्याच बुटाने कबड्डीत किंवा खो-खोत आडवे वळले की उंच टाचेवरून घोटा कलंडतो. मॅटवर खेळणाऱ्यांना पातळ, सपाट, बाजूने घट्ट बूट हवेत. मुलीचे बूट दर तीन-चार महिन्यांनी अंगठ्याने दाबून पाहावेत, कारण या वयात पाय अजून वाढत असतो, आणि ‘पुढच्या वर्षीही चालतील’ म्हणून मोठे बूट घेतले तर पाय आत घसरून तिची टाच अधिक दुखेल. आपले धावण्याचे बूट पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर बदलावेत. खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय किंचित फुगतो. खेळताना घालता तेच मोजे घालून, दोन्ही बूट चढवून दुकानात चालून पाहावे आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहते का, हे उभे राहून तपासावे. उताराच्या धावेत नखे वाचतात ती याच जागेमुळे.